ॲव्हरेज गेलं कुठं?

गाडीचं ॲव्हरेज पडलं की हल्ली पहिलं नाव निघतं ते इथेनॉलचं. चहाच्या टपरीवर, पंपावरच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, कुठंही विषय काढा, उत्तर तयार असतं: "पेट्रोलच तसं यायलंय, गाडी तरी काय करंल?" या उत्तरात तथ्य आहे, पण थोडं. किती थोडं, ते मोजता येतं. दुरुस्ती होते आणि लगेच लिटरमागे चार-पाच किलोमीटरचा फटका बसतो, अशा वेळी पेट्रोलला बोल लावून गप्प बसलं तर खरा दोष गाडीतच राहतो. तो रोज पैसे खातो आणि सावकाश इंजिनही खातो.

तेरमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या गाडीचं यंदाच्या उन्हाळ्यात असंच झालं. २०१६ सालची छोटी पेट्रोल गाडी, एक लिटरचं इंजिन. धाराशिवला जाणं-येणं, मावशीला घेऊन सोलापूरचा दवाखाना, कधी लातूर, कधी तुळजापूर. दादा हिशेबाचा पक्का. गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही असते, तिच्यात प्रत्येक टाकीचे लिटर आणि किलोमीटर लिहिलेले. त्या वहीप्रमाणं ॲव्हरेज १८.६ च्या आसपास होतं. मे महिन्यात येडशीच्या घाटात गाडी तापली, काटा लाल रेषेला टेकला. ओढून एका गॅरेजात नेली. तिथून गाडी मिळाली ती काम करून आणि धुऊन-पुसून. तापणंही थांबलं. पण पुढच्या टाक्यांमध्ये वहीतला आकडा १३.९ वर येऊन बसला.

ही घट कागदावर किरकोळ दिसते, खिशाला मात्र जाणवते. १८.६ च्या हिशेबानं हजार किलोमीटरला ५४ लिटर पेट्रोल लागतं, १३.९ च्या हिशेबानं ७२ लिटर. म्हणजे हजार किलोमीटरमागे १८ लिटर जास्त. लिटरचा भाव शंभराच्या पुढं असताना ज्या घरात सोयाबीनच्या पट्टीवर वर्षाचा हिशेब बसतो, तिथं ही रक्कम लहान नाही. आणि तेरसारख्या गावात गाडी ही चैन राहिलेली नाही. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर तिच्याशिवाय इलाज नसतो.

तसं तेर हे वाहतुकीचंच गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव तगर. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर, जिथून सुती कापड बैलगाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, पार भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहायला मिळतात. माल किती लांब न्यायचा, वाटेत चारा किती लागणार, गाडीवानाच्या हाती काय उरणार, हे गणित इथल्या माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीही मांडलं असेलच. चाऱ्याच्या जागी पेट्रोल आलं, एवढाच फरक.

आधी आकडा खरा आहे का, ते पाहा

गावाकडं पेट्रोल रुपयांत भरलं जातं. "पाचशेचं टाका." त्यात लिटर किती आले, ते कोणी बघत नाही. मग काटा कुठून कुठं आला यावरून ॲव्हरेज ठरतं. हा अंदाज झाला. अंदाजावर दोष शोधता येत नाही.

खरी पद्धत सोपी आहे. टाकी पूर्ण भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथंच थांबायचं, किलोमीटर लिहून घ्यायचे. तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवायची. मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत टाकी भरायची. जेवढे लिटर आत गेले, तेवढेच जळले. एका टाकीवर निकाल द्यायचा नाही, कारण नोझल कधी लवकर बंद पडतं, कधी उशिरा. दोन-तीन टाक्यांची बेरीज घेतली की आकडा स्थिरावतो.

मापाची शंका असेल तर तीही तिथल्या तिथं फिटते. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात पेट्रोल ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. म्हणजे अर्धा टक्का. त्याच्या पलीकडं फरक असेल तर तक्रार करायची. फरक त्याच्या आत असेल, तर २५ टक्क्यांची घट पंपाच्या माथी मारता येत नाही.

दुसरी शंका किलोमीटरची. दुरुस्तीबरोबर टायरही बदलले असतील आणि दुकानदारानं "थोडा रुंद टायर टाकतो, गाडी चांगली बसंल" म्हणून माप बदललं असेल, तर मीटरच कमी किलोमीटर दाखवायला लागतो. १४५/८० आर १३ मापाच्या टायरचा व्यास ५६२ मिलिमीटर, १५५/८० आर १३ चा ५७८. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण मीटर जुन्याच मापानं मोजतो. शंभर किलोमीटर धावलेली गाडी ९७ दाखवते. ॲव्हरेज न पडताच तीन टक्क्यांनी पडल्यासारखं दिसतं. दादानं महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिला होता. टायर जुनेच होते, मीटर बरोबर होता.

आणखी एक गोष्ट. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा तुलनेला धरायचा नाही. तो प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगांच्या ठरलेल्या क्रमानं चालवून काढलेला. पुण्यात १९६६ साली सुरू झालेली 'एआरएआय' ही संस्था असल्या चाचण्या करते. रस्त्यावर तो आकडा मिळत नाही म्हणून गाडी बिघडली असं होत नाही. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या दुरुस्तीआधीच्या आकड्याशी. म्हणून वही हवी.

इथेनॉलचा वाटा किती?

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात बाहेरचा नाही. इथल्या शिवारातला ऊस कारखान्यात जातो, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं, आणि तेच पंपावरून परत गाडीत येतं. कळंब तालुक्यात रांजणीसारख्या ठिकाणी कारखान्यांना जोडून इथेनॉलचे प्रकल्प उभे आहेत. देशातल्या पहिल्या प्रायोगिक मिश्रणाची सुरुवातही २००१ साली महाराष्ट्रातल्या मिरज आणि मनमाडला झाली होती. तेव्हा पाच टक्के मिश्रण होतं. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर गेली आणि २०२५ मध्ये वीस टक्के गाठले.

आता गणित. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे इथेनॉल एक तृतीयांशानं हलकं पडतं. दहा टक्के मिश्रणात लिटरमागे ३०.९ मेगाज्यूल, वीस टक्के मिश्रणात २९.८. दहावरून वीसवर जाताना ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, शुद्ध पेट्रोलवरून वीसवर जाताना सात टक्के. नीती आयोगानं जून २०२१ मध्ये काढलेल्या आराखड्यातही हीच पातळी दिली आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के, दुचाकींना तीन ते चार टक्के, आणि दहा टक्के मिश्रणासाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या चारचाकींना एक ते दोन टक्के घट.

दादाच्या १८.६ ला सात टक्के लावले तरी घट होते १.३ किलोमीटरची. इथं घट होती ४.७ ची. शिवाय मेच्या आधीही तो त्याच पंपावरून तेच पेट्रोल भरत होता आणि त्या पेट्रोलवरच वहीत १८.६ लिहिलेलं होतं. दुरुस्तीच्या अलीकडं आणि पलीकडं पेट्रोल एकच असेल, तर बदलली ती गाडी. जुन्या गाड्यांच्या मालकांची इथेनॉलबद्दलची तक्रार खरी आहे आणि ती सरकारनं ऐकायला हवी. पण जी घट इथेनॉलची नाही ती त्याच्या नावावर टाकल्यानं ही तक्रारही कमजोर होते.

बिलातल्या एका ओळीत काय दडलं होतं

गॅरेजच्या बिलावर तीन शब्द होते: "कूलिंग, ब्रेक, सर्व्हिस." खाली एकूण रक्कम. कुठला भाग बदलला, कुठला काढला, कुठल्या नंबरचं ऑइल टाकलं, काहीच नाही. आपल्याकडं बिल असंच असतं आणि आपण ते असंच घेतो.

दादानं गाडी दाखवली ती ओळखीच्या एका तरुण मिस्त्रीला. धाराशिवच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकून तो गावातच काम करतो. त्यानं बॉनेट उघडण्याआधी बिल मागितलं. "काका, आधी काय काय केलंय ते सांगा. जिथं हात लागलाय तिथंच बघायचं. न लागलेल्या जागी नंतर." निदानाचं सगळं शास्त्र मला या वाक्यात दिसतं. एखादा भाग आपोआप झिजला तर ॲव्हरेज हळूहळू उतरतं, महिनोनमहिने. एकाएकी उतरलं आणि त्याआधी दुरुस्ती झाली असेल, तर पहिला संशय दुरुस्तीवर घ्यायचा. प्लग बदला, फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करा, सेन्सर नवा टाका, अशी चढत्या खर्चाची यादी घेऊन बसलं की हजारो रुपये जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

यातल्या एअर फिल्टरचंच बघा. फिल्टर काळा झाला म्हणून ॲव्हरेज पडलं असं सर्रास सांगतात. कार्बोरेटरच्या काळात ते खरं होतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ साली इंजेक्शनच्या गाड्यांवर चाचण्या केल्या, तेव्हा कोंदलेल्या फिल्टरनं गाडीची उचल कमी झाली, पण इंधनाच्या खपात म्हणावा असा फरक पडला नाही. कारण आत येणारी हवा मोजून गाडीतला संगणक तेवढंच पेट्रोल सोडतो. फिल्टर वेळेवर बदलावा, पण पाच किलोमीटरचा चोर तिथं सापडणार नाही.

संत गोरोबाकाकांच्या गावात तपासणीचं दुसरं उदाहरण कशाला शोधायचं? संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं, मडकं कच्चं की भाजलेलं ते ठरवायला, ही कथा तेरच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. नुसतं बघून त्यांनी कोणालाच पक्कं म्हटलं नाही. मिस्त्रीनं गाडीचे भाग तसेच एकेक करून तपासले.

चाकं

सुरुवात बिलातल्या "ब्रेक" या शब्दापासून झाली. सकाळी गाडी ढोकीच्या रस्त्यावर नेली. परतताना शक्यतो ब्रेक न दाबता, वेग आपोआप कमी होऊ देत थांबवली. मग चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिलं. पुढची दोन कोमट. मागचं उजवं गार म्हणावं असं. मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्रकन वाफ झाली.

मागची बाजू जॅकवर उचलली, हँडब्रेक सोडला, गाडी न्यूट्रलला. उजवं चाक हातानं फिरवलं तर फिरत राहिलं. डावं अर्धा फेराही पुरा न करता अडकलं. ड्रम उतरवल्यावर दिसलं की आतली कड निळसर पडली होती आणि नव्या लायनरवर काचेसारखी चकाकी आली होती.

कारण साधं होतं. मागचे लायनर बदलल्यावर आधी लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवायचं असतं, त्यानंतर हँडब्रेकची तार. इथं उलटं झालं होतं. हँडब्रेक दोन-तीन टकटकीत लागावा म्हणून तारच ओढून आवळली होती. तार ताणलेली राहिली की आतला दांडा मूळ जागी परत जात नाही, लायनर ड्रमला घासत राहतो आणि अंतर आपोआप जुळवणारी यंत्रणाही काम करत नाही. मालकाला हँडब्रेक "मस्त कडक" लागतो म्हणून बरं वाटतं, आणि गाडी प्रत्येक किलोमीटरला एक चाक फरपटत नेते. पेट्रोलचं सोडा, उतारावर तापलेला ड्रम ऐनवेळी ब्रेकच सोडू शकतो.

डिस्क ब्रेकच्या चाकात हाच दोष वेगळ्या रूपात येतो. पॅड बदलताना कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस केल्या नाहीत, किंवा पिस्टन गंजून अडकला, तर पॅड डिस्कला चिकटून राहतो. तपास तोच: गाडी चालवा, न दाबता थांबवा, चाकं हाताला काय सांगतात ते बघा. यासाठी लागणारं सामान म्हणजे एक जॅक आणि एक बाटली पाणी.

तार सैल करून, अंतर जुळवून, लायनर घासून बसवले. टायरची हवाही तपासली, चारही चाकांत कमी होती. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ठोकताळा असा की सगळ्या टायरांत सरासरी एक पौंड हवा कमी असली की ॲव्हरेज ०.२ टक्क्यांनी घटतं. आठ-दहा पौंड कमी असेल तर दोन टक्के गेलेच. पुढच्या टाकीला वहीत आकडा आला १५.९. दोन किलोमीटर परत मिळाले, पण पावणेतीन अजून बेपत्ता होते.

रिकामं घर

आता बिलातला "कूलिंग" हा शब्द. मिस्त्रीकडं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर आहे. मोबाईलवर आकडे दिसतात. बीएस-४ च्या काळापासूनच्या गाड्यांना हे सॉकेट असतं. गाडी सुरू करून पुन्हा रस्त्याला घातली. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी सरळ रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाला इंजिनाच्या पाण्याचं तापमान साठ-बासष्ट अंशांच्या वर जाईना. ते पंच्याऐंशी ते पंच्याण्णवच्या दरम्यान असायला हवं. "काका, वॉल काढलाय बहुतेक," मिस्त्री म्हणाला. परत येऊन इंजिन निवू दिलं, नळीच्या तोंडाशी असलेलं झाकण खोललं. आतलं घर रिकामं होतं. थर्मोस्टॅट नव्हताच.

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. पितळी कुपीत भरलेलं मेण आणि त्याला जोडलेली झडप. इंजिन गार असेपर्यंत झडप बंद राहते, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर गरम होतं. ठरलेल्या अंशाला मेण वितळून फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडं जातं. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी हे मेणाचं तंत्र आणलं आणि आजही बहुतेक गाड्यांत तेच आहे. वीज नाही, तार नाही.

मिस्त्रीनं धाराशिवहून नवा थर्मोस्टॅट आणला, पण बसवण्याआधी तो तपासला. पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं असा टांगला की बुडाला टेकणार नाही, बाजूला थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर ८८ चा आकडा कोरलेला होता. ऐंशीपर्यंत काहीच नाही. पंच्याऐंशी झाले तरी झडप घट्ट. सत्त्याऐंशीच्या पुढं केसाएवढी फट दिसली, मग बघता बघता करंगळी जाईल एवढी झाली. चुलीवरून उतरवल्यावर पाणी निवत गेलं तशी ती पुन्हा मिटली. दोनशे-चारशे रुपयांच्या या वस्तूवर इंजिनाचा सगळा तोल अवलंबून असतो, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

ती नसली तर काय होतं? पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं. इंजिन पुरतं तापतच नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून संगणक जास्त पेट्रोल सोडतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं तो हे करतोच, पण इथं ते तासभर चालू राहतं. ऑइल घट्ट राहिल्यानं आतलं घर्षण वाढतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि रिंगा झिजतात. ही झीज बिलात कधीच दिसत नाही, काही वर्षांनी इंजिनकामाच्या खर्चात दिसते. पुष्कळ गाड्यांत संगणक हे ओळखतो आणि पी ०१२८ असा कोड साठवतो. या गाडीत चेक दिवा लागलेला नव्हता, म्हणून मालकाला कळायला मार्गच नव्हता.

वॉल काढणाऱ्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. मराठवाड्याच्या उन्हात वॉल काढून टाकणं हा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला उपाय आहे. "आपल्याकडं थंडी आहेच कुठं, वॉल लागतोय कशाला?" जीप-ॲम्बॅसिडरच्या काळात हा उपाय चालून जायचा. अडकलेला वॉल इंजिन जाळण्यापेक्षा नसलेला बरा, असा तो हिशेब होता, आणि कार्बोरेटरला पाण्याचं तापमान कळतच नव्हतं. २००० च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आलं. आता इंजिन पाण्याचं तापमान वाचून पेट्रोल देतं. इंजिन बदललं, उपाय मात्र जुनाच राहिला.

शिवाय या उपायानं मूळ रोग लपला. घाटात गाडी तापली होती ती रेडिएटरचा पंखा वेळेवर लागत नव्हता म्हणून. रिले खराब झाला होता. वॉल काढल्यावर पाणी एवढं गार राहू लागलं की पंख्याची गरजच पडेना, आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. मिस्त्रीनं रिले बदलला, थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरून आतली हवा काढली. पुढच्या टाक्यांना वहीत १८.१, मग १८.३. उरलेला फरक पावसाळ्यातल्या रस्त्याचा धरला तरी चालेल.

ज्यांच्यावर संशय होता, पण जे निर्दोष निघाले

दुसऱ्या एखाद्या गाडीत गुन्हेगार वेगळा असू शकतो. म्हणून मिस्त्रीनं वाटेत काय काय तपासून बाजूला ठेवलं, तेही सांगायला हवं.

सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते पाहून तो संगणकाला सांगतो, पेट्रोल कमी कर की जास्त कर. साध्या पेट्रोल गाडीत त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत खाली-वर होत राहायला हवा. एका जागी थिजला तर काहीतरी बिघडलंय. दुरुस्तीत हा सेन्सर दोन प्रकारे मारला जातो. पॅकिंगला भलताच सिलिकॉन लावला तर त्याची वाफ सेन्सरवर बसून तो निकामी होतो. किंवा सेन्सरच्या आधी पॅकिंग गळकं राहिलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. स्कॅनरवर संगणकानं पेट्रोलमध्ये किती टक्के भर घातली किंवा कपात केली ते दिसतं. ती अधिक-उणे दहाच्या आत असली तर सहसा चिंता नाही. दादाच्या गाडीत ती चार-पाचच्या आसपास होती. सेन्सर सुटला.

काम करताना पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर ढिला राहिला, तर संगणक इंजिन गारच आहे असं धरून चालतो. टायमिंगचा पट्टा उतरवून बसवताना एक दात सरकला, तर गाडीची ताकद जाते आणि ॲव्हरेजही जातं. क्लचचं काम झालं असेल आणि पेडलला मोकळा खेळ ठेवला नसेल, तर क्लच किंचित घसरत राहतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, ही त्याची खूण. कंपनीनं ५डब्ल्यू-३० सांगितलं असताना २०डब्ल्यू-५० टाकलं, तर घट्ट ऑइल थोडंफार ॲव्हरेज खातं. बॅटरीची तार काढली असेल तर संगणकानं शिकलेलं पुसलं जातं, आणि पुन्हा शिकायला त्याला थोडं चालवावं लागतं. म्हणून दुरुस्तीनंतरच्या पहिल्या टाकीवर निकाल द्यायची घाई करू नये. डिझेलच्या पिकअपमध्ये टर्बोच्या नळीचा क्लॅम्प सैल राहणं हा नेहमीचा दोष. काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज आला की आधी तिथं पाहावं.

मिस्त्रीला कागद हवा, मालकाला हिशेब

या सगळ्यातून मला जे कळलं ते सांगतो. गावातल्या मिस्त्रीचं कौशल्य कमी नाही, त्याच्यापर्यंत माहिती पोचत नाही. कुठल्या इंजिनाला किती अंशांचा थर्मोस्टॅट, ब्रेक जुळवायचा क्रम काय, कुठल्या कोडचा अर्थ काय, हे सगळं कंपनीच्या पुस्तकात असतं आणि ते पुस्तक अधिकृत सर्व्हिस सेंटरबाहेर सहजी मिळत नाही. हा प्रश्न नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये, सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून, १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढं अपिलांत गेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मतदान करून गाडीदुरुस्तीची माहिती खुली करायला लावली. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात शेतीची यंत्रं आणि वाहनं दोन्ही धरली, आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टलवरची माहिती तेरच्या मिस्त्रीच्या हाती मराठीत, त्याच्या कामाच्या भाषेत पडेल तेव्हाच तो हक्क खरा. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये जुन्या मिस्त्रींसाठी इंजेक्शनच्या गाड्यांचा आठवडाभराचा वर्ग घेतला, तरी कितीतरी वॉल जागच्या जागी राहतील.

मालकानं करायच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. प्रत्येक टाकीचे लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवा, दुचाकी असली तरी. गॅरेजात गाडी देताना सांगा की बिलावर प्रत्येक काम वेगळं लिहून हवं: काय बदललं, काय काढलं, ऑइल कुठलं टाकलं. काढलेला जुना भाग मागून घ्या. तो तुमचा आहे, आणि काढलेली वस्तू हातात आली की तिच्या जागी काही बसवलं का हा प्रश्न आपोआप विचारला जातो. दुरुस्तीनंतर दोन-तीन टाक्या मोजा. घट पाच-सात टक्क्यांच्या आत असेल तर पेट्रोल, हवा, ऋतू यांचा विचार करा. त्याहून जास्त असेल तर त्याच गॅरेजात वही घेऊन परत जा आणि शांतपणे आकडा दाखवा. भांडणापेक्षा आकड्याला उत्तर देणं माणसाला जड जातं. तरीही दाद मिळाली नाही, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष सेवेलाही लागू होतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढं ती वही आणि ते बिल हाच पुरावा असतो.

इथल्या माणसाला पाऊस हातात नाही, उसाचा दर हातात नाही, पेट्रोलचा भाव तर नाहीच. पण भरलेल्या लिटरमध्ये गाडी किती चालते, हे तपासणं त्याच्या हातात आहे. ते सोडून द्यावं एवढी आपली ऐपत नाही.